पुढे चालक, मागे धूर
(मोटारीच्या धूरनळीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास)

मोटारीचे चित्र काढायला सांगितले की मुले चाके काढतात, दिवे काढतात, खिडकीत बसलेला माणूसही काढतात. गाडीच्या पोटाखालून जाणारी नळी सहसा कोणी काढत नाही. काढलीच, तर शेपटासारखी एक रेघ आणि तिच्यापुढे धुराचे दोन-तीन गोळे. अकरावी-बारावीच्या मुलांना मात्र ही नळी चांगली ठाऊक असते. ‘सायलेन्सर बदलला की गाडी पळते’ ही बातमी गॅरेजमधून त्यांच्यापर्यंत पोचलेली असते. कोणता सायलेन्सर चांगला, नळी किती व्यासाची घ्यावी, आतला कन्व्हर्टर काढून टाकला तर काय बिघडते, असे प्रश्न ती आपसात चघळत असतात. कधी विज्ञानाच्या शिक्षकांनाही विचारतात.

या प्रश्नांना उत्तरे आहेत, पण ती नीट समजायची तर या नळीचा इतिहास पाहावा लागतो. सव्वाशे वर्षांत माणसाने तिच्याकडून तीन कामे करून घेतली. इंजिनाचा आवाज दाबणे हे पहिले, इंजिनाची शक्ती वाढवणे हे दुसरे आणि धुरातले विष कमी करणे हे तिसरे. ही तिन्ही कामे सारख्या गतीने पुढे सरकली नाहीत. काही शोध लागताच रस्त्यावर आले, तर काही वीस-वीस वर्षे कपाटात पडून राहिले. हा फरक का पडला, हेच आपल्याला या लेखात पाहायचे आहे.

नळीत चालते काय?

आधी थोडे विज्ञान. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण जळते, तापलेला वायू दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या खाली येता येता बाहेर जाण्याची झडप उघडते. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो आणि त्याचे तापमान कित्येक शे अंश असते. हा वायू संथपणे वाहत नाही, तो फटाक्यासारखा सुटतो.

चार सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर सोडतो. म्हणजे एका सिलिंडरचे सेकंदाला 25 फटाके आणि चौघांचे मिळून 100. नळीला काही अडथळा नसेल तर आपल्याला ऐकू येते ती या शंभर फटाक्यांची माळ.

प्रत्येक फटाक्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. ती ध्वनीच्या वेगाने जाते, पण हा वेग आपल्या पाठ्यपुस्तकातला सेकंदाला 343 मीटर नव्हे. तो आकडा 20 अंश सेल्सियसच्या हवेचा. वायू तापला की ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 500 अंशांच्या धुरात तो सेकंदाला सुमारे साडेपाचशे मीटर भरतो. ही लाट नळीच्या उघड्या टोकाशी किंवा नळी एकदम रुंद होते तिथे पोचली, की तिचा काही भाग उलटा परततो, आणि परतताना दाबाच्या लाटेची ओढीची लाट झालेली असते. उलट, नळी अरुंद होते तिथून ती दाबाची लाट म्हणूनच परतते. एवढे दोन नियम लक्षात ठेवले तर पुढचा बराच इतिहास सोपा होतो.

पहिले काम : आवाज दाबणे

पहिल्या मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा रस्ते घोड्यांचे होते. फटफटणाऱ्या गाडीला घोडे बुजत, टांगे उलटत आणि लोक मोटारवाल्यांच्या नावाने बोटे मोडत. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस गावचे मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज हे बंधू अशीच गाडी बनवत होते. धुराचा आवाज कमी करणाऱ्या साधनाचे एकस्व त्यांनी 1897 मध्ये मिळवले. इंजिनाच्या सायलेन्सरचे हे अगदी आरंभीचे एकस्व.

‘सायलेन्सर’ या शब्दाबरोबर मात्र दुसरेच नाव जोडले गेले आहे. हायरम मॅक्झिम हे मशीनगनचे जनक. त्यांच्या मुलाचे नाव हायरम पर्सी मॅक्झिम. वडिलांनी जगाला सर्वांत कर्कश हत्यारांपैकी एक दिले आणि मुलाने 1909 मध्ये बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचे एकस्व घेतले. बंदुकीच्या नळीतून सुटणारा वायू एकदम बाहेर न जाऊ देता आतल्या पडद्यांमध्ये गरगर फिरवायचा आणि हळूहळू सोडायचा, ही त्यामागची कल्पना. हा मॅक्झिम मोटारींच्या आरंभकाळातला अभियंता होता. बंदुकीतून सुटणारा वायू आणि इंजिनातून सुटणारा वायू यांचे दुखणे एकच आहे हे त्याला ठाऊक होते. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले.

आजच्या सायलेन्सरमध्ये तीन युक्त्या एकत्र असतात. पहिली, नळीला भोके पाडून ती एका मोठ्या डब्यातून नेणे, म्हणजे लाटा रुंद जागेत पसरतात, उलट्या परततात आणि एकमेकींना मारतात. दुसरी, शेजारी एक बंद पोकळी ठेवणे. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठराविक स्वरात घुमते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा अभ्यास केला होता. पोकळीचा स्वर आणि नळीतला त्रासदायक स्वर जुळवला, की तो स्वर नळीतून पुढे जाण्याऐवजी पोकळीशीच अडतो. तिसरी युक्ती म्हणजे डब्यात काचेच्या तंतूंचा कापूस भरणे. त्यात ध्वनीची ऊर्जा घर्षणाने उष्णता बनून विरते.

या सगळ्याची किंमत इंजिनाला मोजावी लागते. वायूला वळणावळणाने जावे लागले तर त्याला ढकलण्यात दट्ट्याची थोडी शक्ती खर्च होते. सुरुवातीचे सायलेन्सर ओबडधोबड होते, त्यामुळे ही किंमतही जास्त असे. म्हणून गाड्यांना एक गमतीदार जोड मिळाली. तिला ‘कट-आउट’ म्हणत. चालकाने एक खटका दाबला, की सायलेन्सरच्या अलीकडचीच एक झडप उघडायची आणि धूर डब्यात न जाता थेट बाहेर पडायचा. चढ आला की खटका दाबा, असा सल्ला असे. प्रत्यक्षात तो सपाटीवरही दाबला जाई, कारण गर्जना करत जाणाऱ्या गाडीकडे माना वळत.

अमेरिकेतील अनेक शहरांनी अखेर नियम करून कट-आउटवर बंदी घातली. ही बंदी चालकांनी मागितली नव्हती. आवाज ज्यांच्या कानी पडत होता, ते लोक रस्त्याकडेच्या घरांत राहत होते. आपल्या इतिहासातले सूत्र इथेच पहिल्यांदा दिसते. नळी निवडणारा माणूस पुढे बसतो आणि नळीतून येणारे सोसणारा मागे उभा असतो.

दुसरे काम : शक्ती वाढवणे

चालकाच्या स्वतःच्या फायद्याचे काम कसे झपाट्याने पुढे जाते ते आता पाहू. त्यासाठी आपल्याला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पूर्व जर्मनीत जावे लागेल.

टू-स्ट्रोक इंजिन रचनेला साधे असते. त्यात झडपा नसतात, सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. एका खिडकीतून ताजे मिश्रण आत येते, त्याच वेळी दुसरीतून धूर बाहेर जातो. साहजिकच थोडे ताजे मिश्रण धुराबरोबर न जळताच निसटते. स्कूटरच्या मागे पेट्रोलचा वास का येई, त्याचे हे उत्तर.

साक्सनीतील त्शोपाउ या गावी एमझेड या मोटारसायकलींच्या कारखान्यात वाल्टर काडेन नावाचे अभियंते होते. हाताशी पैसा थोडा आणि सामग्री त्याहून थोडी. परंतु लाटांचे गणित त्यांना पक्के उमगले होते. 1950 च्या दशकात त्यांनी धूरनळीला फुगीर पोटाचा आकार देऊन तो बारकाईने सुधारत नेला. नळी आधी कर्ण्यासारखी रुंद होत जाते आणि मग पुन्हा अरुंद. रुंद होणाऱ्या भागातून ओढीची लाट परतते, ती सिलिंडरमधला धूर खेचून घेते आणि ताज्या मिश्रणालाही ओढते. मग अरुंद होणाऱ्या भागातून दाबाची लाट परतते, ती निसटलेले ताजे मिश्रण खिडकी बंद होण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. नळीत एकही हलणारा भाग नाही, तरी पंपाचे काम होते!

याचा परिणाम असा, की 1961 मध्ये काडेन यांच्या 125 सीसीच्या इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली. म्हणजे दर लिटरमागे 200 अश्वशक्ती. बाहेरून हवा न कोंबता चालणाऱ्या इंजिनाने तोवर हा पल्ला गाठला नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी एमझेडचा अव्वल स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला. त्याची पत्नी आणि मुले गाडीच्या डिकीत लपून पूर्व जर्मनीतून बाहेर पडली. डेग्नर जपानच्या सुझुकी कंपनीत गेला आणि नळीचे गुपितही त्याच्याबरोबर गेले. 1962 मध्ये 50 सीसी गटाचे जागतिक अजिंक्यपद त्याने सुझुकीला मिळवून दिले. जपानी कंपन्यांच्या टू-स्ट्रोक गाड्यांतून हा आकार जगभर पसरला. आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात बनलेल्या यामाहा आरएक्स-100 ची 98 सीसीमधून मिळणारी 11 अश्वशक्ती आणि तिचा विशिष्ट आवाज अनेकांना आठवत असेल.

या गोष्टीतून नळी निवडणाऱ्यांनी दोन धडे घ्यावेत. पहिला असा, की परतणारी लाट योग्य क्षणीच पोचली पाहिजे, आणि तो क्षण इंजिनाच्या एका ठराविक वेगालाच जुळतो. त्या वेगाला नळी मदत करते, इतर वेगांना ती उलट अडचण करते. शर्यतीच्या गाड्या कमी वेगात मरगळलेल्या असत त्या यामुळे. दुसरा धडा व्यासाचा. नळीचा व्यास दुप्पट केला तर छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि तेवढाच वायू असेल तर त्याचा वेग एक-चतुर्थांश होतो. फोर-स्ट्रोक इंजिनात वेगाने जाणारा धुराचा एक लोट आपल्यामागे ओढ निर्माण करतो आणि सिलिंडर रिकामा व्हायला मदत करतो. नळी अवाजवी रुंद केली की कमी वेगाला ही ओढ मंदावते. मग गॅरेजमध्ये कोणीतरी म्हणतो, ‘इंजिनाला मागून दाब लागतोच.’ हे खरे नाही. मागचा दाब कोणत्याच इंजिनाला नको असतो, त्याला हवी असते वेळेवर आलेली ओढ. ‘जितकी मोठी नळी तितकी चांगली’ हे चूक आणि ‘थोडा अडथळा हवाच’ हेही चूक.

काडेन यांच्या नळीने काम फत्ते केले, आणि ते पसरायला कोणत्याही कायद्याची गरज पडली नाही. फायदा चालकाला होत होता ना!

तिसरे काम : विष कमी करणे

आता तिसरे काम. इथे आपला कस लागतो.

1943 च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस शहरावर असा दाट, डोळे चुरचुरणारा धुरकट थर पसरला, की युद्धकाळ असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशी शंका लोकांना आली. पुढेही वर्षानुवर्षे हे धुरके येत राहिले. कारखाने बंद करून पाहिले, तरी ते हटेना. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाचा स्वाद कशामुळे येतो याचा अभ्यास करत होते. अननसाच्या वासातले सूक्ष्म घटक पकडणारे तंत्रच त्यांनी शहराच्या हवेला लावले. 1950 च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले, की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून येणारी न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन बनतो. हाच ओझोन डोळे जाळत होता आणि टायरच्या रबराला चिरा पाडत होता.

धुरक्याच्या बातम्या वाचून यूजीन हुद्री हे फ्रेंच अभियंते अस्वस्थ झाले. ते तेव्हा अमेरिकेत होते. उत्प्रेरक वापरून जड तेलापासून उत्तम पेट्रोल बनवण्याची त्यांची पद्धत महायुद्धात दोस्तांच्या विमानांना उपयोगी पडली होती. पेट्रोल बनवताना उत्प्रेरक चालतो, तर त्याचा धूर शुद्ध करताना का चालू नये? त्यांनी धूरनळीत बसवायचा उत्प्रेरकाचा डबा तयार केला आणि 1956 मध्ये त्याचे अमेरिकन एकस्व मिळवले. बंद गोदामांत चालणाऱ्या मालवाहू गाड्यांवर असे डबे चाललेही. रस्त्यावरच्या मोटारीत मात्र तो टिकेना. कारण होते पेट्रोलमधले शिसे.

ही शिशाची कथा आणखी मागे जाते. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर 1921 मध्ये आढळले, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे संयुग थोडेसे घातले तर इंजिनाचा ठोका बंद होतो आणि जास्त दाबाचे, जास्त शक्तीचे इंजिन बनवता येते. फेब्रुवारी 1923 मध्ये असे पेट्रोल विक्रीला आले. शिसे विषारी असते हे तेव्हाही माहीत होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि कित्येक रुग्णालयात गेले. मे 1925 मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. ॲलिस हॅमिल्टन या औद्योगिक आरोग्याच्या जाणकार डॉक्टरांनी धोक्याचा इशारा दिला. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे गाड्यांच्या नळ्यांतून शिसे बाहेर पडत राहिले. पृथ्वीचे वय मोजणारे क्लेअर पॅटरसन यांनी 1965 मध्ये दाखवून दिले, की माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढले आहे. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची बाधा सर्वाधिक होते.

हेच शिसे हुद्रींच्या उत्प्रेरकावर थर धरून बसे आणि तो निकामी करी. हुद्री 1962 मध्ये वारले, तोवर त्यांचा डबा मोटारीत आलाच नव्हता.

दरम्यान कॅलिफोर्नियात एक उद्बोधक घटना घडली. धूर शुद्ध करणारी निदान दोन साधने मान्य झाली की नव्या गाड्यांना ती सक्तीची होतील, असा तिथे कायदा होता. एवढ्या लवकर हे जमणार नाही, असे मोटार कंपन्या सांगत होत्या. 1964 मध्ये बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेली चार साधने राज्याच्या मंडळाने मान्य केली. त्यानंतर काही आठवड्यांतच मोटार कंपन्यांनी जाहीर केले, की 1966 च्या गाड्यांत आम्ही स्वतःच्या पद्धतीने धूर कमी करू शकतो! पुढे 1969 मध्ये अमेरिकी सरकारने या कंपन्यांवर संगनमताने अशा साधनांना विलंब लावल्याचा खटला भरला. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला.

अखेर डिसेंबर 1970 मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा झाला. पाच-सहा वर्षांत गाड्यांचा विषारी धूर नव्वद टक्क्यांनी कमी करा, असे त्याने सांगितले. मुदती थोड्या पुढे ढकलल्या गेल्या, पण 1975 च्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत कन्व्हर्टर आला. त्यासाठी कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट बनवली. तिच्या छिद्रांतून धूर जातो आणि भिंतींवर प्लॅटिनमसारख्या धातूंचे सूक्ष्म कण असतात. धातू काही ग्रॅमच, पण पृष्ठभाग एवढा सच्छिद्र, की उलगडला तर खेळाचे मैदान व्यापेल.

या डब्याला जपायचे तर पेट्रोलमधून शिसे काढणे भाग होते. जुलै 1974 पासून अमेरिकेतल्या मोठ्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे बंधनकारक झाले. नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद केले होते, म्हणजे शिशाच्या पेट्रोलची जाड तोटी त्यात शिरू नये. तरीही काही लोक नरसाळे लावून किंवा ते तोंड फोडून स्वस्त पेट्रोल भरतच. पन्नास वर्षे मुलांसाठी जे झाले नाही, ते एका डब्यासाठी झाले, हे वाचून आपल्याला खिन्न वाटते. पण परिणाम पाहा. 1976 ते 1980 या चार वर्षांत अमेरिकेतील लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी सुमारे एक-तृतीयांशाने उतरली.

पुढचे पाऊल होते एकाच डब्यात तीन कामे करण्याचे : कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने यांचे ऑक्सिडीकरण, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे क्षपण. ही परस्परविरोधी कामे एकत्र होण्यासाठी पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग (वजनाने) हे प्रमाण काटेकोर पाळावे लागते. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. म्हणून नळीत ऑक्सिजन मोजणारा संवेदक आला, त्याच्या सांगण्यावरून पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली. 1977 च्या व्होल्वो गाड्यांत ही जोडी प्रथम कॅलिफोर्नियात विकली गेली. शेपटात बसवलेल्या डब्याने इंधन बदलले, इंजिनाचे तोंड बदलले आणि गाडीत संगणकही आणून बसवला.

आपल्याकडे

भारतात ही प्रक्रिया वीस वर्षांनी सुरू झाली, आणि तीही न्यायालयाच्या दारातून. एम. सी. मेहता यांच्या याचिकांवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि तिथल्या नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. मुंबईत घेतलेली गाडी गावी नेली तर तिथल्या पंपावर शिशाचेच पेट्रोल मिळे आणि डबा वाया जाई. ही अडचण 2000 मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावरच सुटली.

एप्रिल 2020 मध्ये ‘भारत स्टेज सहा’ ही मानके देशभर लागू झाली. त्यासाठी इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भागांवर आणावे लागले, कारण गंधकही उत्प्रेरकाला मारक. इथेही आधी इंधन सुधारले, मग नळी. आता साध्या दुचाकीच्या नळीतही कन्व्हर्टर असतो. जगात शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री जुलै 2021 मध्ये थांबली. मिजलींच्या शोधाला तोवर शंभर वर्षे होत आली होती.

मग सायलेन्सर बदलावा का?

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. सायलेन्सर गंजला असेल, फुटला असेल तर तो जरूर बदलावा. गळक्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. बदलताना त्या गाडीसाठी ठरवलेल्या मापाचाच घ्यावा. गाडीचा संगणक त्याच नळीच्या हिशेबाने जुळवलेला असतो. केवळ शेवटचा डबा बदलून रस्त्यावरच्या गाडीची शक्ती नाममात्रच वाढते, बहुतेकदा वाढतो तो आवाज, आणि कानाला तीच शक्ती वाटते.

कन्व्हर्टर काढून टाकणे ही मात्र सुधारणा नव्हे. आतल्या धातूंच्या किमतीपायी तो चोरीलाही जातो. काढला तर चालकाला फारसे काही जाणवत नाही, क्वचित एक दिवा पेटतो. फरक जाणवतो तो मागच्याला. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीत असे मूलभूत फेरफार करता येत नाहीत, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सायलेन्सर सक्तीचा केला आहे. कर्कश सायलेन्सर जप्त करून पोलिसांनी ते रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा कट-आउट नव्या नावाने परत आला, एवढेच.

कन्व्हर्टर हा सर्व रोगांवरचा उपाय नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. थंड असताना तो काम करत नाही, अडीचशे-तीनशे अंश तापल्यावरच तो जागा होतो. म्हणजे घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेलेली गाडी जवळजवळ विनाकन्व्हर्टरचीच असते. आणि कार्बन डायऑक्साइड तो कमी करत नाहीच, उलट मोनॉक्साइडचे रूपांतर त्यातच करतो.

वर्गासाठी

सारख्या आकाराच्या तीन-चार बाटल्यांत कमी-अधिक पाणी घ्यावे आणि तोंडावर फुंकर घालून स्वर ऐकावा. हवेची पोकळी लहान झाली की स्वर चढतो हे मुलांना लगेच कळते. मग विचारावे, कमी स्वराची घरघर अडवायची असेल तर सायलेन्सरमधली पोकळी लहान हवी की मोठी? त्यानंतर मुलांकडून दोन याद्या करून घ्याव्यात. मोटारीतल्या कोणत्या सुधारणा चालकाच्या फायद्याच्या आणि कोणत्या बाहेरच्या माणसाच्या? दुसऱ्या यादीतल्या किती सुधारणा कायद्यावाचून आल्या? चालू गाडीच्या नळीजवळ कोणताही प्रयोग करू नये.

विजेच्या गाडीला धूरनळीच नसते. ती इतकी शांत असते, की पायी चालणाऱ्यांना ती येते आहे हे कळावे म्हणून युरोपात 2019 पासून तशा नव्या नमुन्यांना कमी वेगात कृत्रिम आवाज करणे बंधनकारक झाले. सव्वाशे वर्षांपूर्वी आवाज दाबायला कायदा लागला, आता करायला लागतो. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता. गाडी कशी असावी हे ठरवताना, ती ज्याच्या जवळून जाते त्याला विचारले आहे काय? विजेच्या गाडीचा धूर औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो तेव्हा तिच्या छायेत राहणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारण्याचा हक्क आहे.